लॉर्ड हॅरिस: मुंबईचा गव्हर्नर आणि इंग्लंडचा कर्णधार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईत शालेय क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला ‘हॅरिस शील्ड’ हे नाव तोंडपाठ असतं. त्या नावामागचा माणूस मात्र फार थोड्यांना माहीत असतो. काहींनी त्याला ‘भारतीय क्रिकेटचा जनक’ करून टाकलंय, तर काहींना तो फक्त एक नावडता गव्हर्नर म्हणून ठाऊक आहे. या माणसाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

लॉर्ड हॅरिस म्हणजे नेमका कोण?

पूर्ण नाव जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, चौथा बॅरन हॅरिस. जन्म ३ फेब्रुवारी १८५१ रोजी त्रिनिदादमध्ये, कारण त्याचे वडील तेव्हा तिथले गव्हर्नर होते. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डला. १८७२ मध्ये वडील वारले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी उमरावपद, केंट परगण्यातला बेलमाँट नावाचा वाडा आणि ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहातली जागा, हे सगळं एकदमच त्याच्या हाती आलं. पुढे तो इंग्लंडचा कसोटी कर्णधार, भारत खात्याचा आणि नंतर युद्ध खात्याचा उपमंत्री, मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आणि अखेरीस लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरच्या एमसीसी या क्रिकेट क्लबचा सर्वेसर्वा झाला. मृत्यू २४ मार्च १९३२ रोजी बेलमाँटलाच, वयाच्या ८१ व्या वर्षी.

टिपू सुलतानाशी या घराण्याचा संबंध आहे, हे खरं का?

खरं आहे. पहिला बॅरन हॅरिस, म्हणजे आपल्या हॅरिसचा पणजोबा, हा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला वेढा घालणाऱ्या इंग्रज फौजेचा सरसेनापती होता. त्याच लढाईत टिपू मारला गेला. श्रीरंगपट्टणच्या लुटीतला जो वाटा सेनापतीला मिळाला, त्यातूनच बेलमाँटची जहागीर विकत घेतली गेली. १८१५ मध्ये त्याला जे उमरावपद मिळालं, त्याच्या नावातच ‘श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर’ आहे. त्यानंतर तिसरा बॅरन, हॅरिसचे वडील, त्रिनिदादनंतर १८५४ ते १८५९ मद्रासचे गव्हर्नर होते, म्हणजे १८५७ चा उठाव त्यांच्या कारकिर्दीत झाला.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. हॅरिस १८९० साली मुंबईच्या बंदरात उतरला तेव्हा तो हिंदुस्थानात नवखा नव्हता. त्याच्या घराच्या भिंतीच इथल्या पैशातून उभ्या राहिल्या होत्या, आणि ‘हिंदुस्थानावर राज्य करणं’ हा त्या घरातला वडिलोपार्जित व्यवसाय होता.

तो राजकारणी होता, मग कधी निवडणूक लढवली होती का?

नाही. उमरावाला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जन्माने जागा मिळायची, त्यामुळे मत मागायचा प्रश्नच नव्हता. तो हुजूर पक्षाचा होता. लॉर्ड सॅलिसबरीच्या सरकारात १८८५-८६ मध्ये भारत खात्याचा आणि १८८६ ते १८९० युद्ध खात्याचा उपमंत्री होता. तिथून थेट मुंबई.

क्रिकेटपटू म्हणून तो खरोखर चांगला होता, की लॉर्ड म्हणून कर्णधार झाला?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या काळी इंग्लंडचा कर्णधार हौशी खेळाडू, म्हणजे ‘जंटलमन’च असायचा आणि पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक कितीही मोठा असला तरी त्याच्या हाताखाली खेळायचा. लॉर्ड असण्याचा फायदा हॅरिसला झालाच. पण तो नुसता शोभेचा कर्णधार नव्हता. प्रथम श्रेणीत त्याने ९,९९० धावा केल्या, दहा हजारांना फक्त दहा कमी! अकरा शतकं, सर्वोच्च १७६. आजच्या गुळगुळीत खेळपट्ट्यांवरून हे आकडे जोखू नका. तेव्हाच्या खडबडीत मैदानांवर सव्वीस-सत्तावीसची सरासरी ही पक्क्या फलंदाजाची खूण होती.

कसोटी मात्र चारच खेळला आणि चारही वेळा कर्णधार म्हणून. त्यांतली प्रत्येक कसोटी इतिहासात कशामुळे तरी लक्षात राहिली आहे. जानेवारी १८७९ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थने कसोटीतली पहिली हॅटट्रिक घेतली, ती हॅरिसच्या संघाविरुद्ध. सप्टेंबर १८८० मध्ये ओव्हलवर इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी झाली. त्यात डब्ल्यू. जी. ग्रेसने १५२ धावा काढल्या, हॅरिसने ५२. १८८४ मध्ये लॉर्ड्सवर झालेली पहिली कसोटी त्याने एका डावाने जिंकली. त्याच वर्षी ओव्हलला ऑस्ट्रेलियाने ५५१ धावा रचल्या, मर्डॉकने कसोटीतलं पहिलं द्विशतक ठोकलं, आणि हैराण झालेल्या हॅरिसने अकराच्या अकरा खेळाडूंना गोलंदाजी दिली. गंमत अशी की सगळ्यांत जास्त यश मिळालं यष्टिरक्षक आल्फ्रेड लिटलटनला. पॅड बांधलेलेच, हात खाली ठेवून टाकलेल्या लॉब चेंडूंवर त्याने १९ धावांत ४ बळी घेतले, आणि तेवढा वेळ यष्टीमागे ग्रेस उभा होता.

सिडनीच्या दंगलीत त्याला मार बसला होता का?

हो. ८ फेब्रुवारी १८७९. हॅरिसचा संघ न्यू साउथ वेल्सविरुद्ध खेळत होता. पहिल्या डावात नाबाद राहिलेल्या मर्डॉकला दुसऱ्या डावात पंच जॉर्ज कूलथर्डने धावबाद दिलं. कूलथर्ड शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीचा आणि त्याला हॅरिसनेच पंच म्हणून आणलेलं, त्यामुळे गर्दी भडकली. लोक मैदानात घुसले. हॅरिस पंचाला वाचवायला मध्ये उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीवर काठी बसली. त्याचा सहकारी हॉर्नबी याने मारणाऱ्याला पकडून ओढत पॅव्हेलियनकडे नेलं, त्या झटापटीत त्याच्या अंगावरचा शर्ट फाटला. पंच बदला, ही यजमान कर्णधाराची मागणी हॅरिसने शेवटपर्यंत मानली नाही. त्या दिवशी दुसरा पंच होता एडमंड बार्टन. पुढे हाच बार्टन ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला.

हॅरिसने ठरलेला पुढचा मोठा सामना रद्द केला आणि मायदेशी पाठवलेल्या पत्रात गर्दीवर कडक शब्दांत टीका केली. पण दीड वर्षाने ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला आला आणि त्याच्याशी खेळायला कुणी तयार होईना, तेव्हा ओव्हलच्या कसोटीत इंग्लंडचं नेतृत्व करायला हाच माणूस उभा राहिला. राग बाजूला ठेवून तो खेळला, हे त्याचं मोठेपण मान्य करायलाच हवं.

मुंबईचा गव्हर्नर म्हणून त्याची कारकीर्द कशी होती?

१८९० ते १८९५. १८९२ च्या नव्या कायद्याप्रमाणे याच काळात मुंबईच्या विधिमंडळात थोडे निवडलेले सदस्य येऊ लागले. फिरोजशहा मेहता १८९३ मध्ये तिथे निवडून गेले. न्यायमूर्ती का. त्र्यं. तेलंग यांच्या निधनानंतर महादेव गोविंद रानडे त्याच वर्षी हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. म्हणजे मुंबई-पुण्याचं सार्वजनिक जीवन तेव्हा जागं होतं, बोलकं होतं. गव्हर्नरचं लक्ष मात्र राज्यकारभारापेक्षा खेळाकडे अधिक आहे, ही तक्रार मराठी आणि इंग्रजी, दोन्ही वर्तमानपत्रांतून होत राहिली. तो परत गेला तेव्हा इतका नावडता गव्हर्नर मुंबईने क्वचितच पाहिला असेल, असा शेराही त्याला मिळाला.

१८९३ च्या दंगलीच्या वेळी तो क्रिकेट खेळत होता, हे कितपत खरं?

११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारी, मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल पेटली. पायधुणी, जुम्मा मशिदीचा परिसर, गिरणगाव असं करत ती पसरली आणि लष्कर बोलवावं लागलं. कित्येक माणसं मेली. गव्हर्नर तेव्हा पावसाळी मुक्कामावर पुण्यात होता. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवलंय की तो मुंबईत आला तो नवव्या दिवशी, आणि तेही मुख्यतः क्रिकेटच्या सामन्यासाठी. म्हणजे ‘शहर जळत असताना तो बॅट घेऊन उभा होता’ हे वाक्य शब्दशः खरं नाही. पण जे खरं आहे तेही कमी गंभीर नाही. आपलं शहर जळतंय आणि राज्यकर्ता रेल्वेने काही तासांत पोहोचता येईल अशा अंतरावरून नऊ दिवस हलत नाही, हे मला आजही माफ करता येत नाही.

टिळकांच्या ‘केसरी’ने या दंगलीबद्दल सरकारच्या पक्षपाती धोरणाला जबाबदार धरलं. सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर चढला तो याच १८९३-९४ च्या काळात.

त्याला ‘भारतीय क्रिकेटचा जनक’ म्हणणं योग्य आहे का?

नाही. या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे, आणि ही सगळी प्रश्नोत्तरं लिहिण्यामागचं कारणही तेच आहे.

तारखाच पाहा. मुंबईच्या पारश्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला १८४८ मध्ये, तेव्हा हॅरिसचा जन्मही झाला नव्हता. पारशी संघ इंग्लंडला जाऊन खेळला १८८६ मध्ये, पुन्हा १८८८ मध्ये, आणि दुसऱ्या दौऱ्यात डॉ. मेहेल्लाशा पावरी यांनी आपल्या वेगवान गोलंदाजीने बळींची रास घातली. जानेवारी १८९० च्या अखेरीस बॉम्बे जिमखान्यावर पारश्यांनी इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला चार गडी राखून हरवलं. हॅरिस मुंबईत आला त्यानंतर. पारश्यांच्या मागोमाग हिंदूंचे आणि मुसलमानांचेही क्लब निघाले होते.

आणि ही पोरं खेळत होती कुठे? एस्प्लनेडच्या परेड ग्राउंडवर, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात. ऐसपैस हिरवळ गोऱ्यांच्या जिमखान्याकडे होती. उरलेल्या तुकड्यावर शेकडो हिंदी मुलं खेळायची, आणि त्याच तुकड्यावर आठवड्यातून काही दिवस गोऱ्या साहेबांचे पोलोचे घोडे दौडायचे. टापांनी जमीन उकरली जायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांवर चेंडू टप्पा खाऊन कुठेही उसळायचा. पारशी क्रिकेटपटू शापूरजी सोराबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं अर्जविनंत्या केल्या. हॅरिसच्या कारकिर्दीतही हजारावर सह्यांचा अर्ज गेला: पोलो दुसरीकडे हलवा, एवढीच मागणी. इंग्लंडच्या माजी कर्णधाराला खराब खेळपट्टी म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने तो अर्ज फेटाळला.

मुंबईत क्रिकेट वाढवलं ते या सह्या करणाऱ्यांनी.

पण जिमखान्यांना जागा त्यानेच दिल्या ना?

दिल्या, आणि त्या जागांचं महत्त्व नाकारता येत नाही. मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर, केनेडी सी फेसला समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर पारशी जिमखाना त्याच्याआधीच आला होता. मुसलमानांचा अर्ज त्याच्याकडे आला, तेव्हा त्यावर त्याने दिलेला शेरा मोलाचा आहे. त्याचा आशय असा: यांना नाही म्हणणं कठीण आहे, पण एकदा प्रत्येक ‘राष्ट्रीयत्वा’चा एक प्रतिष्ठित जिमखाना झाला की पुढे कुणालाही जागा द्यायची नाही, ज्याला खेळायचं असेल त्याने आपापल्या जमातीच्या क्लबात जावं. त्यानुसार इस्लाम जिमखाना झाला आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना.

या एका शेऱ्याने मुंबईच्या क्रिकेटला पुढच्या पन्नास वर्षांचा साचा घालून दिला. खेळायचं तर पारशी म्हणून, हिंदू म्हणून किंवा मुसलमान म्हणून. १८९२ मध्ये युरोपीय विरुद्ध पारशी असा प्रेसिडेन्सी सामना सुरू झाला होताच. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर तो तिरंगी झाला, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी, १९३७ मध्ये ‘इतर’ धरून पंचरंगी. १९४६ मध्ये अखेर ही स्पर्धा थांबली. तिने अप्रतिम क्रिकेट दिलं हेही खरं. हा सगळा दोष एकट्या हॅरिसचा नाही, क्लब जातिधर्मांचे आधीपासूनच होते. पण दार उघडायची संधी ज्याच्या हातात होती त्याने भिंती आखून दिल्या, असं मला वाटतं.

पुण्याशी त्याचा संबंध काय?

पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीतल्या राजवाड्यात असायचा. आज जिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तेच हे घर. प्रेसिडेन्सी सामन्यांतला एक सामना पुण्यात होण्याचं कारणही हेच.

त्याच वर्षांत पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात चर्मकार समाजातला एक कोवळा मुलगा महिना चार रुपयांवर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायचा, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. पळवणकर बाळू. कॅप्टन ग्रेगसारखे फलंदाज त्याच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करायचे. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी दिली नाही. पुढे १९११ मध्ये महाराजा पतियाळांच्या संघातून बाळू इंग्लंडला गेले आणि सगळ्या सामन्यांत मिळून शंभराहून अधिक बळी घेऊन आले. त्याच दौऱ्यात हिंदी संघाविरुद्ध केंटकडून कॅटफर्डला हॅरिस उतरला, वयाच्या साठाव्या वर्षी. तो त्याचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना.

रणजीला त्याने विरोध केला होता का?

१८९६ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीसाठी संघ निवडायचं काम एमसीसीकडे होतं आणि रणजितसिंहजी भरात असूनही त्यांना घेतलं गेलं नाही. हिंदुस्थानात जन्मलेला खेळाडू इंग्लंडकडून खेळू नये, या मताचा हॅरिस होता आणि त्याचंच वजन तिथे पडलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्यापुढची कसोटी मँचेस्टरला होती. तिथल्या निवडकर्त्यांनी रणजींना घेतलं, आणि त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. हॅरिस स्वतः त्रिनिदादमध्ये जन्मलेला होता, हे इथे पुन्हा सांगायला हवं.

लॉर्ड्सवर त्याची एवढी सत्ता कशी होती?

तो १८९५ मध्ये एमसीसीचा अध्यक्ष होता, नंतर विश्वस्त, आणि १९१६ पासून मरेपर्यंत खजिनदार. नियम म्हणजे नियम, हा त्याचा स्वभाव. गोलंदाज चेंडू फेकतात म्हणून १८८५ मध्ये त्याने केंटचा लँकेशायरबरोबरचा सामना रद्द करवला, आणि इंग्लंडमधली ‘फेकी’ गोलंदाजी आटोक्यात आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे. हाच काटेकोरपणा कधी निष्ठुर व्हायचा. तरुण वॉली हॅमंडचा जन्म डोव्हरचा, म्हणजे केंटचा. तो ग्लॉस्टरशायरकडून खेळू लागताच जिथे जन्म किंवा वास्तव्य त्याच परगण्याकडून खेळायचं, या नियमावर बोट ठेवलं गेलं आणि १९२२ चा जवळजवळ सगळा हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं.

त्याने भारताच्या कसोटी प्रवेशाला हातभार लावला का?

हो, हे श्रेय त्याला द्यायला हवं. १९२६ मध्ये इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्समध्ये (आजच्या आयसीसीचं तेव्हाचं रूप) भारत, वेस्ट इंडीज आणि न्यूझीलंड यांना प्रवेश मिळाला तेव्हा अध्यक्षपदी हॅरिस होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला बॉम्बे जिमखान्यावर नागपूरच्या सी. के. नायडूंनी एमसीसीच्या संघाविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा फटकावल्या. ज्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हतं, त्याच्याच मैदानावर! नायडूंचा जन्म १८९५ चा, हॅरिस मुंबई सोडून गेला त्याच वर्षीचा. २५ जून १९३२ रोजी नायडू भारताच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला लॉर्ड्सवर उतरले, तेव्हा हॅरिसला जाऊन तीन महिने झाले होते.

भारतीय खेळाडूंबद्दल त्याचं मत काय होतं?

१९२१ च्या आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवलंय की संयमाच्या बाबतीत हिंदी माणूस इंग्रजाची बरोबरी कधीच करू शकणार नाही. विजय मर्चंट आणि विजय हजारे यांना तासन्‌तास खेळपट्टीवर ठाण मांडून बसलेलं पाहायला तो हवा होता!

पण याच माणसाने ऐंशीव्या वाढदिवशी ‘द टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात क्रिकेटबद्दल म्हटलं होतं की हा खेळ मनापासून, सचोटीने, उदारपणे खेळणं हाच एक नीतिपाठ आहे आणि देवाची हवा आणि ऊन हीच त्याची शाळा आहे. हे त्याचं खेळावरचं प्रेम खोटं नव्हतं. म्हणूनच परेड ग्राउंडवरच्या मुलांना त्याने ही हवा आणि ऊन मोकळं करून दिलं नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

हॅरिस शील्ड म्हणजे काय?

मुंबईतली सोळा वर्षांखालच्या मुलांची आंतरशालेय स्पर्धा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली, देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची भागीदारी केली ती याच स्पर्धेत. २००९ मध्ये सर्फराझ खानने ४३९, २०१३ मध्ये पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या त्याही इथेच. शाळेच्या संघात कोण कुठल्या धर्माचा, हे इथे कुणी विचारत नाही.

मराठी राजघराण्यात असं दुसरं उदाहरण आहे का?

बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड. बडोद्याकडून रणजी करंडक खेळले, खासदार झाले, गुजरातमध्ये मंत्री झाले, आणि १९६३ ते १९६६ क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. फरक एवढा की त्यांना मतं मागावी लागली. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायचा विचार आहे.

हॅरिसशी संबंधित जागा आज पाहता येतात का?

केंटमधला बेलमाँट वाडा पाहता येतो. पाचव्या बॅरनने, म्हणजे हॅरिसच्या मुलाने, जमवलेला घड्याळांचा प्रचंड संग्रह तिथे आहे. लॉर्ड्सच्या मैदानात त्याच्या नावाची बाग आहे. मुंबईत वेगळं कुठे जायला नको. चर्चगेटहून धीमी लोकल पकडा आणि मरीन लाइन्स सुटलं की डाव्या खिडकीतून बाहेर बघा. चर्नी रोड येईपर्यंत तिन्ही जिमखाने एकामागोमाग एक दिसतात, प्रत्येकाचं मैदान वेगळं, मध्ये कुंपण.